इंग्रजी कोशकार व उच्चाराचा निवाडा

इंग्रजी शब्दाचा अर्थ अडला म्हणजे कोश उघडावा आणि उच्चार अडला म्हणजेही कोशच उघडावा, ही आपल्याकडील सुशिक्षित घरांतली जुनी रीत आहे. अर्थाच्या बाबतींत कोशाशीं वाद घालणारे कांहीं लोक निघतात. उच्चाराच्या बाबतींत मात्र कोशानें सांगितलें कीं प्रश्न मिटला. हा मान कोशाला कोणीं दिला, आणि तो देण्याजोगा आहे काय, हा विचार आम्हांस पुष्कळ उशिरां सुचला. त्याचें मूळ बालपणींच्या एका लहानशा फजितींत आहे. ती आधीं सांगतों.

इंग्रजी शिकण्यास आरंभ केल्यावर थोड्याच दिवसांत वर्गापुढें उभें राहून धडा वाचण्याची पाळी आमच्यावर आली. धड्यांत एक लष्करी अधिकारी होता. सी-ओ-एल-ओ-एन-ई-एल हीं अक्षरें जशीं दिसलीं तशीं इमानानें आम्हीं 'कोलोनेल' अशीं वाचलीं. सारा वर्ग खो खो हंसला. मास्तरांनीं 'कर्नल' हा उच्चार सांगितला आणि घरीं जाऊन कोशांत खात्री करून घेण्यास फर्माविलें. घरीं पाठ निसटलेला एक जाडा अमेरिकन कोश होता. त्यांत शब्द सांपडला. पण त्यापुढें कंसांत जीं अक्षरें होतीं त्यांच्या डोक्यावर कोठें टिंबें, कोठें आडवी रेघ, कोठें चंद्रकोर! या खुणांचा उलगडा पानाच्या तळाशीं दिला होता : अमुक खूण म्हणजे अमुक शब्दांतला स्वर. पण त्या 'अमुक शब्दा'चा उच्चार तरी आम्हांस कोठें ठाऊक होता? तो पाहण्यास गेलों तर त्याच्यापुढेंही तीच खूण उभी. विहिरींतून पाणी काढावयास दोर हवा, आणि दोर तर विहिरींतच पडलेला, अशी आमची गत झाली.

ज्यांना तो उच्चार आधींच येत होता त्यांच्यासाठींच तो कोश लिहिलेला होता, हें त्या वयांत आम्हांस कळलें नाहीं. पुढें या विषयाचा इतिहास वाचतांना ध्यानांत आलें कीं, उच्चार दाखविणाऱ्या कोशकारापुढें नेहमीं दोन प्रश्न असतात. एक, उच्चार कसा दाखवावा. दुसरा, कोणाचा दाखवावा. पहिला प्रश्न कारागिरीचा आहे व तो बराचसा सुटला आहे. दुसरा न्यायाचा आहे.

हा खटाटोप इंग्रजींत एवढा कां करावा लागला, हें प्रथम पाहिलें पाहिजे. कॅक्स्टननें १४७६ सालीं इंग्लंडांत छापखाना आणला आणि त्यानंतर शब्दांचें लेखन हळू हळू ठराविक होत गेलें. परंतु त्याच सुमारास, व पुढील दोनएक शतकें, इंग्रजीचे दीर्घ स्वर आपली जागा सोडून दुसरीकडे सरकत होते. लिहिणें जागच्या जागीं राहिलें आणि बोलणें पुढें निघून गेलें. ओ-यू-जी-एच हीं चार अक्षरें 'टफ', 'कॉफ', 'दो' आणि 'थ्रू' या चार शब्दांत चार तऱ्हांनीं उच्चारलीं जातात, याचें कारण असल्या इतिहासांत आहे. अशा भाषेंत शब्दाचें लेखन पाहून उच्चार ओळखणें म्हणजे जुन्या तसबिरीवरून आजचा माणूस ओळखण्यासारखें आहे.

तरीही आरंभींच्या कोशांनीं उच्चाराकडे लक्ष दिलें नाहीं. रॉबर्ट कॉड्रे या शाळामास्तरानें १६०४ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोशांत सुमारें अडीच हजार कठीण शब्दांचे केवळ अर्थ आहेत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत बेली वगैरे कोशकारांनीं शब्दाच्या कोणत्या भागावर जोर द्यावयाचा हें दाखविणारी आघाताची खूण देण्यास सुरुवात केली. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचा प्रख्यात कोश १७५५ सालीं बाहेर पडला. बेचाळीस हजारांहून अधिक शब्द असलेल्या त्या दोन भल्या थोरल्या खंडांतही उच्चाराच्या नांवानें मुख्यतः ती आघाताची खूणच आहे. क्वचित् एखादी टीप सांपडते. आमची फजिती करणाऱ्या शब्दावर अशी टीप आहे : हा शब्द सामान्यतः दोनच अवयवांत, 'कॉल्-नेल्' असा उच्चारतात. म्हणजे जॉन्सनांच्या कोशाप्रमाणें त्यांतला 'ल' शाबूत होता.

जॉन्सनसारख्या जबर पंडितानें येथें हात आंखडता कां घेतला? त्याचें उत्तर बॉस्वेलनें लिहून ठेवलेल्या एका संभाषणांत मिळतें. जॉन्सन कोशाची योजना आंखीत होते तेव्हां लॉर्ड चेस्टरफील्डनीं त्यांस सांगितलें कीं, जी-आर-ई-ए-टी हा शब्द 'स्टेट'शीं यमक जुळेल असा उच्चारावा. सर विल्यम यंग यांनीं कळविलें कीं तो 'सीट'शीं जुळला पाहिजे. 'ग्रेट' असें एखादा आयरिश मनुष्यच म्हणेल. एक गृहस्थ उमरावांच्या सभेंतला उत्तम वक्ता, दुसरा लोकसभेंतला उत्तम वक्ता, आणि त्या दोघांत एका साध्या शब्दाविषयीं दोन टोकांचें अंतर! मग न्याय कोणीं करावा, असा जॉन्सनांचा सवाल होता. आज सारें जग 'ग्रेट' म्हणतें, व सर विल्यम यांचा 'ग्रीट' कोणाला आठवतही नाहीं.

जॉन्सनांच्या संकोचाला आणखी एक कारण असल्यास नकळे. ते स्वतः लिचफील्डचे, आणि जन्मभर लंडनांत राहूनही गांवाकडचे कांहीं स्वर त्यांच्या तोंडून गेले नाहींत. 'पंच' या पेयाचें नांव ते 'पुंश'सारखें उच्चारीत, आणि त्यांचा शिष्य, प्रख्यात नट गॅरिक, त्यांची हुबेहूब नक्कल करून मित्रमंडळीला हंसवीत असे. इंग्रजी भाषेचा सर्वांत मोठा कोशकार उच्चाराच्या परीक्षेला बसता, तर त्याच्या कित्येक गुणांस काट बसली असती!

मात्र जें काम जॉन्सनांनीं टाळलें तें करावयास दुसरे लोक पुढें आले, आणि ते कोठून आले हें पाहण्यासारखें आहे. १७५७ सालीं उच्चारदर्शक कोश काढणारा जेम्स ब्यूकॅनन स्कॉटलंडचा. १७७५ चा विल्यम पेरी याचा कोश एडिंबरोचा. १७८० सालीं आपला मोठा कोश प्रसिद्ध करणारा टॉमस शेरिडन आयर्लंडचा, डब्लिनच्या नाटकगृहाचा चालक आणि नाटककार रिचर्ड शेरिडनचा बाप. हा योगायोग नव्हे. १७०७ सालीं इंग्लंड व स्कॉटलंड यांचें पार्लमेंट एक झालें. नोकरी, वकिली, राजकारण सारें लंडनकडे वळलें. तेथें गेलेल्या स्कॉच मनुष्याची विद्या कमी पडत नसे. पण तोंड उघडतांच तो परका ठरे. शेरिडननें १७६१ सालीं एडिंबरोंत इंग्रजी उच्चारावर व्याख्यानें दिलीं, तेव्हां तेथील प्रतिष्ठित गृहस्थ शेंकडोंनीं फी भरून त्यांस बसले. वयानें व विद्येनें पोक्त झालेली ती मंडळी एका आयरिश नटाकडून आपली जीभ सुधारून घेत होती, हें चित्र डोळ्यांपुढें आणलें म्हणजे हंसूं येतें. आणि थोडें थांबून विचार केला म्हणजे हंसूं मावळतें. कारण त्या बांकांवर आपणही बसलेलों आहोंत. ज्यांची जीभ त्या उच्चारांत जन्मतःच वळली होती त्यांना हा कोश नको होता. ज्यांना आपल्या जिभेची लाज वाटावयास लावलें होतें त्यांनाच तो हवा होता. उच्चारकोशाचा जन्म जिज्ञासेइतकाच या लाजेच्या पोटीं झाला आहे. शेरिडनच्या उद्योगाविषयीं कळलें तेव्हां जॉन्सन उद्गारले कीं, या गृहस्थाची पहिलीच अडचण ही, कीं तो आयरिश आहे!

या मंडळींनीं उच्चार दाखविण्याच्या युक्त्या मात्र चांगल्या काढल्या. विल्यम केनरिक यानें १७७३ सालीं शब्दांवर आंकडे घातले; एकेका आंकड्याला एकेक स्वर नेमून दिला. शेरिडननें आंकडे ठेवून शिवाय शब्द उच्चाराप्रमाणें पुन्हां लिहून दाखविला. हीच पद्धत नीट बांधून जॉन वॉकर यानें १७९१ सालीं आपला 'चिकित्सक उच्चारकोश' काढला. वॉकरही पूर्वीं नट होता व पुढें वक्तृत्वाचा शिक्षक झाला. त्याचा कोश शंभर वर्षांहून अधिक काळ पुनःपुन्हां छापला गेला.

वॉकरनें ग्रंथाच्या नांवांतच स्कॉटलंड, आयर्लंड व लंडन येथील लोकांनीं आपापले दोष कसे टाळावे याच्या नियमांचा उल्लेख केला आहे. लंडनचे लोक या यादींत कसे, असें वाचकांस वाटेल. त्याचें म्हणणें असें कीं, राजधानींतल्या सामान्य लोकांच्या चुका संख्येनें प्रांतांतल्यांपेक्षां कमी असल्या तरी रसिकाच्या कानाला त्या हजारपट अधिक किळसवाण्या. येथें प्रश्न प्रांताचा राहिला नाहीं, पायरीचा झाला. दरबारच्या सावलींत राहूनही जो दरबारासारखा बोलत नाहीं, त्याचा अपराध सर्वांत मोठा!

वॉकरचा कान तीक्ष्ण होता हें मात्र मान्य केलें पाहिजे. 'बार्ड', 'लार्ड' अशा शब्दांतला 'र' लंडनांत इतका मंद झाला आहे कीं त्याचा नुसता लांबविलेला 'आ' उरतो, हें त्यानें नमूद केलें आहे. पण शब्दांचे उच्चार लिहितांना त्यानें तो 'र' जागच्या जागीं ठेवला. कान एक सांगत होता आणि लेखणी दुसरें लिहीत होती. आमच्या शब्दाविषयीं मात्र त्यालाही शरण जावें लागलें. त्याच्या काळापर्यंत 'ल' पुरता हरला होता. 'कर्नेल' असा उच्चार देऊन, ही विकृति आतां सुधारण्यापलीकडची आहे, असा शेरा त्यानें मारला.

याच काळांत एका माणसानें अगदीं निराळ्या हेतूनें हेंच काम केलें. टॉमस स्पेन्स हा न्यूकॅसलचा गरीब शाळामास्तर. जमीन साऱ्या गांवाच्या मालकीची असावी, असें तो उघड सांगे आणि त्यापायीं पुढें त्यानें तुरुंगही भोगला. १७७५ सालीं त्यानें चाळीस अक्षरांची नवी वर्णमाला करून तींत शब्दांचे उच्चार छापले. गरिबाच्या पोराला वाचावयास शिकतांना वर्षें खर्चीं घालावीं लागूं नयेत, एवढीच त्याची इच्छा. शेरिडनला सभ्य होऊं पाहणारे गिऱ्हाईक मिळालें. स्पेन्सच्या गरिबांपाशीं कोशाला पैसे नव्हते. त्याचा ग्रंथ विस्मृतींत गेला.

अमेरिकेंत नोआ वेब्स्टर यानें १८२८ सालीं सत्तर हजार शब्दांचा कोश काढला. राष्ट्र स्वतंत्र झालें, मग शब्दांसाठीं लंडनच्या तोंडाकडे कां पाहावें, असा त्याचा बाणा होता. शब्दाचें लेखन न मोडतां अक्षरांवरच खुणा द्याव्या, ही पद्धत त्याच्या कोशामुळें व त्याच्या वारसदारांमुळें अमेरिकेंत रूढ झाली. डोळ्याला शब्दाची ओळख राहते, हा तिचा गुण. दोष आम्ही लहानपणींच भोगला होता : खुणेचें मोल एखाद्या परिचित शब्दावरून ठरतें, आणि परिचित कोणाला, तर तेथल्याच मुलाला.

या दोराच्या व विहिरीच्या पेंचांतून सुटण्याचा मार्ग एकच. खुणेचा अर्थ दुसऱ्या शब्दावरून न सांगतां मुखावरून सांगावा. जीभ कोठें लागते, ओठ कसे होतात, श्वास कसा निघतो, याच्या आधारें ध्वनि ठरवावा. आपल्याकडील वाचकांस यांत नवल वाटणार नाहीं. स्थान व प्रयत्न यांवरून वर्णांची मांडणी आपल्या प्रातिशाख्यकारांनीं व शिक्षाग्रंथांनीं फार प्राचीन काळीं केली होती. सर विल्यम जोन्स यांनीं १७८८ सालीं देशी शब्द रोमन लिपींत लिहिण्यासंबंधीं निबंध प्रसिद्ध केला, त्यांत देवनागरीच्या मांडणीचा गौरव आहे. अमेरिकन संस्कृतज्ञ विल्यम ड्वाइट व्हिटनी यांनीं १८६२ सालीं अथर्ववेदाचें व १८७१ सालीं तैत्तिरीय शाखेचें प्रातिशाख्य भाषांतरासह संपादिलें. आणि १८८९ पासून निघालेल्या 'सेंचुरी' या मोठ्या इंग्रजी कोशाचे प्रमुख संपादक तेच होते. लंडनचे ध्वनिशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनीं तर १९४६ सालीं स्पष्ट कबूल केलें कीं, भारतीय वैयाकरणांची ओळख झाली नसती तर एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी ध्वनिशास्त्राची कल्पनाही करणें कठीण आहे. यांत फुशारकी मारण्याजोगें आमचें स्वतःचें कांहीं नाहीं. पण ज्या कोशापुढें आपण खालमानेनें उभे राहतों त्याच्या पायांत आपल्याकडचेही चिरे आहेत, एवढें ठाऊक असावें.

१८८६ सालीं पॅरिसमध्यें पॉल पासी यांच्या पुढाकारानें भाषाशिक्षकांची एक संस्था निघाली. हीच पुढें आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र-परिषद झाली. तिनें १८८८ सालीं एका ध्वनीला एकच चिन्ह या तत्त्वावर आपली वर्णमाला प्रसिद्ध केली. इंग्रजींत सर्वांत अधिक वेळां येणारा जो मंद स्वर, 'अबाउट' या शब्दाच्या आरंभींचा, त्याला इंग्रजी वर्णमालेंत स्वतःचें अक्षरच नाहीं. पांचही स्वराक्षरें पाळीपाळीनें त्याचें काम करतात. या नव्या वर्णमालेंत त्याला उलट्या 'ई'चें चिन्ह मिळालें. आपल्या 'अ'शीं त्याचें इतकें जवळचें नातें आहे कीं मराठी मुलाला तो शिकवावा लागत नाहीं, फक्त ओळखून द्यावा लागतो.

यानंतर कोशकारांची वृत्तिही पालटली. ऑक्सफर्डच्या महाकोशाचा पहिला भाग १८८४ सालीं निघाला. त्याचे संपादक जेम्स मरे हे स्कॉटलंडच्या सरहद्दीवरील खेड्यांतले. त्यांनीं स्वतःची बारीक चिन्हपद्धति रचली. पण फुलदाणी या अर्थाच्या इंग्रजी शब्दाच्या उच्चाराविषयीं लिहितांना, देश स्वतंत्र आहे व ज्यानें त्यानें आवडेल तसा तो उच्चारावा, अशा अर्थाचें त्यांनीं लिहिलें. वॉकरच्या तोंडीं हें वाक्य कधीं आलें नसतें. १९१७ सालीं डॅनियल जोन्स यांनीं आंतरराष्ट्रीय वर्णमालेंत आपला इंग्रजी उच्चारकोश प्रसिद्ध केला. हा उच्चार कोणाचा, हें त्यांनीं प्रामाणिकपणें सांगून टाकलें : इंग्लंडच्या दक्षिण भागांतील अशा कुटुंबांचा, कीं ज्यांतील पुरुष मोठ्या खर्चिक वसतिशाळांत शिकलेले आहेत. आपण सुधारक नाहीं व न्यायाधीशही नाहीं, ऐकिलें तें लिहितों, असें त्यांचें म्हणणें होतें.

परंतु साक्षीदारानें साक्ष दिली तरी ऐकणारे तिलाच निकाल समजतात. जोन्स यांनीं १९२६ सालीं त्या उच्चाराला 'मान्य उच्चार' हें नांव स्वीकारलें, आणि त्याच वर्षीं ब्रिटिश नभोवाणीनें निवेदकांच्या उच्चारासाठीं सल्लागार समिति नेमली. प्रथम कवि रॉबर्ट ब्रिजेस व त्यांच्या मागून १९३० पासून बर्नार्ड शॉ तिचे अध्यक्ष होते. शॉ डब्लिनचे! शेरिडनच्या आयरिशपणावर हंसणाऱ्या जॉन्सनांनीं यावर काय म्हटलें असतें, हें वाचकांनीं मनाशीं कल्पावें. पुढें १९४८ सालीं ऑक्सफर्डनें प्रसिद्ध केलेल्या हॉर्न्बी यांच्या विद्यार्थिकोशानें जोन्स यांची पद्धति जगभर नेली, आणि १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तींत ऑक्सफर्डच्या महाकोशानेंही मरे यांची चिन्हें सोडून आंतरराष्ट्रीय वर्णमाला घेतली. आतां कोशांत ब्रिटिश व अमेरिकन उच्चार शेजारीं शेजारीं बसतात, आणि यंत्रावर शब्दाला बोट लावतांच तो ऐकूंही येतो. कसा दाखवावा, हा प्रश्न येथें संपला म्हणावयास हरकत नाहीं. पण तो आवाजही कोणा एकाचाच असतो.

आपल्याकडे शाळकरी कोशांनीं इंग्रजी उच्चार देवनागरींत लिहिले, तेव्हां सोय मोठी झाली. 'कर्नल' असें लिहिलें असतें तर आमचीं कित्येक अश्रूंचीं टिपें वांचलीं असतीं. या कामीं मराठीनें 'ॲ' व 'ऑ' हे स्वर जवळ केले आणि महाराष्ट्र शासनानें २००९ सालीं त्यांना वर्णमालेंत रीतसर जागा दिली. तथापि हा अंगरखाही अंगाबरोबर बसत नाहीं. इंग्रजींतल्या दोन निराळ्या ध्वनींना आपण एकच 'व' लिहितों. आणि आपली लिपि बोलल्याप्रमाणें लिहिली जाते, हा अभिमानही जरा जपून मिरवावा. चहांतला 'च' आणि चुलींतला 'च' हे दोन वेगळे ध्वनि आहेत, पण अक्षर एकच. परभाषेचा मनुष्य मराठी वाचतांना तेथें चुकतो, आणि आपण त्याला हंसतों. म्हणजे त्या वर्गांतल्या पोरांत व आपल्यांत अंतर उरलें नाहीं.

शेवटीं त्या फजितीच्या शब्दाची हकीकत पुरी करतों. इटालियन भाषेंत त्याचें मूळ रूप 'कोलोनेल्लो' असें आहे. फ्रेंचांच्या तोंडीं दोन 'ल' जवळ जवळ येऊन जीभ अडखळूं लागली, म्हणून पहिल्या 'ल'चा 'र' झाला. इंग्रजीनें सोळाव्या शतकांत हा शब्द 'र'सकट घेतला. मागाहून पंडितांनीं मूळ ध्यानांत आणून लेखनांत 'ल' परत आणला. कांहीं काळ दोन्ही उच्चार चालले, जॉन्सनांनीं 'ल' नोंदला, आणि अखेर तोंडांतला 'र' टिकला. म्हणजे ज्या 'कर्नल'साठीं वर्ग आम्हांस हंसला तो कोण्या एका काळच्या अडखळलेल्या जिभेचा वारसा होता, आणि आमचा 'कोलोनेल' मूळ इटालियन रूपाच्या अधिक जवळ होता. तरीही आज आम्ही 'कर्नल'च म्हणतों, व मुलांनाही तसेंच शिकवितों. कारण चार माणसांत बोलावयाचें तर चार माणसांना कळेल असें बोललें पाहिजे. तेवढ्यासाठीं कोश जवळ असावा. मात्र एखादें मूल चुकलें तर त्याला हंसण्यापूर्वीं आम्ही त्याला ही हकीकत सांगतों, आणि मगच कोशाचें पान उघडतों.